लाल ठिपका सरकला कसा?

"गेली! गेली! परत बाहेर गेली!" जुन्या टायरांच्या ढिगावर उभा राहून रेडिओ ओरडला.

मातीच्या ट्रॅकवर घोड्याच्या नालेसारखं एक वळण होतं. मुलं त्याला नालवळण म्हणायची. ताईची मोटरसायकल त्या वळणात शिरली खरी, पण वळायचं सोडून बाहेर बाहेर घसरत गेली, बांधावर चढली आणि आडवी झाली. धुळीचा हा एवढा लोट!

तिघंही धावत सुटली. सगळ्यात पुढे मुंगी. वय वर्षं अकरा, आणि अंगापेक्षा मोठ्या वस्तू उचलून पळायची सवय. तिच्या मागे तिचा मोठा भाऊ, वकील. तो जेवतानासुद्धा वाद घालायचा, म्हणून हे नाव. सगळ्यात शेवटी शेजारचा रेडिओ. त्याचं बंद करायचं बटण अजून कोणाला सापडलं नव्हतं.

"लागलं का गं?" मुंगीने विचारलं.

"कोपर खरचटलंय." ताईने हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते, पण ते धुळीने नव्हे. "सकाळपासून चौथ्यांदा! मला जमतच नाही. आई याच वळणात सगळ्यांना मागे टाकायची."

ताई म्हणजे मामाची मुलगी. मोटरसायकल तिच्या आईची, म्हणजे मुंगीच्या मामीची. मामी जाऊन वर्ष होत आलं होतं. दर उन्हाळी सुट्टीत मुंगी आणि वकील मामाकडे यायचे, पण मामी नसलेली ही पहिलीच सुट्टी. परवा शर्यत होती आणि ताई पहिल्यांदाच भाग घेणार होती.

ट्रॅकवरचे मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, चहाचा कप हातात घेऊन सावकाश आले.

"गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "परवाच पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, चांगले कडक करून दिलेत मी. मुलीलाच वळता येत नाही, त्याला गाडी काय करणार?"

मामा कुंपणापाशी उभा होता. तो ताईजवळ आला, तिच्या कोपरावरची माती हलकेच झटकली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पुरे झालं बाळा. उद्या संध्याकाळी एक गिऱ्हाईक येतंय. गाडी देऊन टाकू."

"बाबा!"

"तुला असं पडताना बघवत नाही मला."

एवढं बोलून तो वळला आणि गाडी ढकलत घराकडे निघाला. ताई हेल्मेट उचलून त्याच्या मागे निघाली. मुंगीला वाटलं, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मुंगी मात्र नालवळणावर मागे राहिली. मातीत चाकांच्या खुणा ताज्या होत्या.

"इकडे या!" तिने हाक मारली. "ताईने हँडल इथे वळवलंय. बघा, पुढचं चाक तिरकं झाल्याची खूण आहे. पण गाडी वळलीच नाही. पुढचं चाक मातीवरून नुसतं फरफटत गेलंय!"

"म्हणजे ताईची चूक नाही?" रेडिओ म्हणाला.

"पुरावा काय?" वकिलाने लगेच विचारलं.

"पुरावाच तर शोधायचाय, शहाण्या!"

मामाचं गॅरेज घराला लागूनच होतं. आत पाने ओळीने टांगलेले, कोपऱ्यात तेलाचे डबे, आणि मधोमध मामीची निळी मोटरसायकल. दुपारी मामा जरा आडवा झाला होता. तिघं आत शिरली, आणि ताईही मागोमाग आली.

मुंगीने भिंतीतलं कपाट उघडलं. मामी गेल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला मामीच्या अक्षरात मार्करने लिहिलं होतं: 'मी बसल्यावर मागची बाजू दहा सेंटिमीटर खाली. डोळ्यांनी नाही, टेपने मोजायची!'

खाली खिळ्याला शिवणकामाची टेप लटकत होती.

"आई हट्टाने मोजायची," ताई म्हणाली. तिने टेप हातात घेतली आणि बोटाभोवती गुंडाळली. "दर शर्यतीच्या आधी."

"मग आपणही मोजू!"

आधी गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या मधल्या नटापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत एकसष्ट सेंटिमीटर. मग गाडी खाली उतरवली. ताई हेल्मेट, बूट सगळं घालून बसली. वकिलाने हँडल धरलं, रेडिओने ताईला एका बाजूने टेकू दिला, आणि तेवढा वेळ तो चक्क गप्प राहिला. मुंगी टेप घेऊन जमिनीवर पालथी पडली.

"साडेशेहेचाळीस!"

"एकसष्टातून साडेशेहेचाळीस गेले..." वकील पुटपुटला. "साडेचौदा! मामीपेक्षा साडेचार जास्त!"

"मग? बूड खाली गेलं तर बिघडलं काय?" रेडिओने विचारलं.

ताई गाडीवरून उतरली. तिचा चेहराच बदलला होता. "हातगाडीत मागे जास्त ओझं भरलं की काय होतं?"

"पुढची बाजू उचलते."

"तसंच! मागची बाजू जास्त बसली की पुढच्या चाकावर भार राहत नाही. भार नाही तर ते मातीत रुततच नाही. हँडल वळवा नाहीतर काहीही करा, गाडी बाहेरच जाणार! आणि उस्तादांनी पुढचे फोर्क कडक केले, म्हणजे पुढची बाजू आणखीच वर!"

मुंगीने टॉर्च मारला. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर एक जाड रिंग असते. ती खाली घट्ट केली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी मागून उंच होते, सैल केली की गाडी बसते. त्या रिंगवर नेलपॉलिशचा अर्धा लाल ठिपका होता. उरलेला अर्धा बोटभर खाली, स्प्रिंगच्या वेढ्यांमधून दिसणाऱ्या आट्यांवर.

"हा आईचा ठिपका!" ताई म्हणाली. "दोन्ही अर्धे जुळले की गाडी बरोबर. कोणीतरी रिंग सैल केलीय!"

"उस्ताद!" रेडिओ ओरडला.

"मी काय केलं?" दारातून आवाज आला. उस्ताद गाडीची कागदपत्रं बघायला आले होते. गिऱ्हाईक त्यांच्याच ओळखीचं होतं.

वकिलाने हात मागे बांधले. "उस्ताद, तुम्ही गाडी तपासली, तेव्हा मागची बाजू किती बसते ते मोजलंत?"

"मोजायचं काय त्यात? वीस वर्षं हेच करतोय. नजरेने कळतं!"

"मग ताई बसल्यावर किती बसते?"

"दहा. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही!"

मुंगीने टेप पुढे केली. ताई पुन्हा बसली. उस्ताद वाकले, त्यांनी मोजलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. त्यांनी टेप मुंगीला परत दिली. मग म्हणाले, "पण रिंगला मी हात लावलेला नाही. त्या रिंगचा पाना वेगळा असतो. तो माझ्याकडे नाहीच."

खरंच, भिंतीवर तसा पाना नव्हता. एक खिळा रिकामा होता.

बोलण्याच्या आवाजाने मामा जागा होऊन आला. "काय चाललंय?"

मुंगीने सहज विचारलं, "मामा, या रिंगचा पाना कुठे असतो रे?"

मामाने विचार न करता टेबलाचा खालचा खण ओढला. आत मामीचा पिवळा रुमाल होता आणि रुमालात गुंडाळलेला पाना. तो हातात आल्यावरच मामा थबकला. मामी गेल्यापासून तो खण त्याच्याशिवाय कोणी उघडत नसे.



"बाबा, तुम्ही?" ताईने हळूच विचारलं.

मामा स्टुलावर बसला. "शेवटी शेवटी तिला एकदा गाडीवर बसायचं होतं. पूर्वी गाडी एका पायावर तोलायची, पण तेव्हा तेवढी ताकद नव्हती. पाय जमिनीला टेकेनात. मग मी रिंग सैल केली. आठ फेरे. गाडी खाली बसली आणि तिचे दोन्ही पाय टेकले." त्याने रुमालाची घडी सारखी केली. "इंजिन चालू करून पाचेक मिनिटं बसली. मग म्हणाली, बास, आता चहा टाका."

मामाने पाना मांडीवर ठेवला. 

"नंतर घट्ट करायला हवी होती. पण पाना हातात घेतला की वाटायचं, अजून बसलीय ती. घट्ट केली की उतरेल." त्याने ताईकडे पाहिलं. "तू पडत होतीस, आणि कारण माझ्याच खणात होतं. माझं चुकलं बाळा."

ताई त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मुंगीने तेवढ्यात टॉर्च उगाचच दुसरीकडे वळवला.

थोड्या वेळाने मामा उठला. त्याने पाना लावला. प्रत्येक फेऱ्याला मुलं मोठ्याने मोजत होती. "...सहा! सात! आठ!"

लाल ठिपक्याचे दोन्ही अर्धे जुळले. उस्तादांनी कोणी न सांगता पुढच्या फोर्कचे स्क्रू मूळ जागी आणले आणि ऊन असतानाच सगळे ट्रॅकवर पोचले.

ताई नालवळणात शिरली. गाडी वळली! पण शेवटी जरा बाहेर गेलीच.

"अकरा बसतेय," मुंगीने मोजून सांगितलं. "ताई मामीपेक्षा उंच आहे, वजनानेही जास्त. मामीचा ठिपका तिला कसा चालेल?"

"मग द्या अजून पाच फेरे!" रेडिओ म्हणाला.

मामाने दिले. आता वळण तर झकास झालं, पण सरळ रस्त्यावर वेग घेताच हँडल दोन्ही हातांत लटलटायला लागलं.

"नको, नको!" ताई ओरडतच परत आली. "मागून फार उंच झाली! पुढे सगळा भार येतोय!"

"रेडिओचं कोणी ऐकायचंच नसतं," वकील म्हणाला.

"वळण तर माझ्यामुळेच झकास झालं ना!"

मामाने तीन फेरे मागे घेतले. मुंगीने टेप लावली आणि पाय आपटत उडीच मारली. "दहा! अगदी दहा!"

या वेळी ताई नालवळणात शिरली तेव्हा पुढचं चाक मातीत रुतलं, गाडी आतल्या कडेला चिकटून फिरली आणि माती उडवत सरळ बाहेर पडली. ती पुन्हा आली. पुन्हा तसंच! मामा कुंपण धरून उभा होता. तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

उस्ताद मुंगीसमोर उकिडवे बसले. "वीस वर्षांत मला कोणी चूक दाखवली नव्हती. शाबास गं! ती टेप जरा बघू, तसली एक घेऊन ठेवतो." मग मामाला म्हणाले, "गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांगा, गाडी विकायची नाही. परवा तिची शर्यत आहे."

घरी आल्यावर मामाने कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली. रंग घट्ट झाला होता. त्याने थिनरचा एक थेंब टाकून बाटली हलवली आणि मुंगीच्या हातात दिली.

"तू लाव. तुझा हात बारीक आहे."

"आणि मामीचा ठिपका? पुसायचा?"

"तो राहू दे. तो तिचा. त्याच्या शेजारी हिचा लाव."

मुंगीने श्वास रोखून ठिपका लावला, अर्धा रिंगवर, अर्धा आट्यांवर. मामाने पाना पुसला, पिवळा रुमाल खिशात ठेवला आणि पाना भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला टांगला.

"चला," तो म्हणाला. "चहा टाकतो."