ओल्या फरशीची साक्ष

"संध्याकाळपर्यंत नकाशा मिळाला नाही, तर गेनूमामांचं नाव पोलिसांत देणार," नीला जयमालाबाईंना म्हणाली.

दिघीतला हा सपाट छताचा, सरळ रेषांचा बंगला तिच्या आजेसासऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वी बांधवून घेतलेला. नकाशात नाही ते सगळं काढून नीला तो पूर्वीसारखा करत होती. काल गेनू मिस्त्रीनं दिवाणखान्यात लाल सिमेंटची फरशी घोटली. पाच वाजता नकाशाची गुंडाळी ओल्या फरशीपलीकडच्या फडताळात होती. आज सकाळी नव्हती. आणि फरशीवर एकही ठसा नाही!

"बांबूनं ओढली असंल, ताई," गोरक्ष म्हणाला. मोशीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा आणि एरवी जयमालाबाईंना तपासात मदत करायची, हे त्याचं आयुष्य.

"आणि बांबू विठोबानं धरला का, गोरक्षभाऊ?" जयमालाबाईंनी विचारलं.

"ठसे बुजवणं मिस्त्रीलाच जमतं," नीला म्हणाली.

म्हातारा गेनू मान खाली घालून उभा होता. चाळीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत चाललं होतं.

"म्या न्हाई नेला. फरशी घोटून च्याला गेलो, माघारी आलो, सातला घरी."

नीलाच्या सासूबाई, सुमनताई, आतल्या खोलीत देवांच्या कोनाड्यापाशी बसल्या होत्या. लुगड्याच्या काठाला लाल डाग.

"पूजेत कुंकू सांडलं," त्या म्हणाल्या.

कुंकवाचा करंडा काठोकाठ भरलेला होता. गोरक्षचं लक्ष मात्र शेजारच्या वीणेकडे.

"माउली, आज एकादशी, अन् वीणा अजून गवसणीत?"

"हात लावू नका!"

जयमालाबाईंनी ओणवं होऊन फरशी उजेडाच्या रेषेत न्याहाळली. मग सगळ्यांना बोलावलं.

"फडताळापासून देवांच्या खोलीपर्यंत फरशी जागोजागी जास्त चकाकते. तिथं थापी पुन्हा फिरलीय. अंतरं आखूड, म्हणजे पावलं म्हाताऱ्या बाईमाणसाची. मामा चहाला गेले तेव्हा पडलेली, आणि मामांनीच नंतर मिटवलेली. लुगड्यावर रंग आहे फरशीचा. कुंकू तर कमीच झालं नाही. आणि एकादशीला वीणा बाहेर निघत नाही, कारण गवसणीत तिच्यासोबत दुसरंही काही आहे."

सुमनताईंनी गवसणीची गाठ सोडली. नकाशा निघाला.

"यात कोनाडा नाही गं, नीला. तो यांनी नंतर करून घेतला. तू बुजवला असतास."

"मामा, तुम्ही का गप्प राहिलात?" जयमालाबाईंनी विचारलं.

"त्या कोनाड्याची वीट म्याच लावलीया, बाई. मालक शेजारी बसून अभंग म्हनत व्हते."

नीलानं नकाशा गुंडाळून ठेवला. मग गेनूच्या पाया पडली. "आई, कोनाडा राहील. मला विचारायचं तरी!"

सुमनताईंनी वीणा गोरक्षच्या हाती दिली. गेनूनं डोळे पुसले आणि थापी उगारली.

"भजन तिकडंच करा! फरशी वाळूस्तवर कुनी पाय ठिवायचा न्हाई. तुमीबी, सुमनवैनी!"