खिडकीवरची कात्री

विश्वास ठेवा, नाहीतर मला वेड्यात काढा, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि हे रात्रीबित्री नाही, भर दुपारी घडलं. आमच्याच लॅबमध्ये.

लॅब माझ्या मामांची. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, कामही शिकवलं. माणूस जीव लावणारा, पण हेका म्हणजे हेका!

आमच्याकडे एक शिवणवाली यायची. टीबीची पेशंट. गोळ्या चालू होत्या, तरी ताप हटेना. टीबीसोबत छातीत दुसरेही जंतू असावेत, असा डॉक्टरांना संशय होता. ती खिडकीच्या काचेवर कात्रीनं वाजवायची.

टक… टक… टक…

मग थुंकीची डबी पुढे करायची.

थुंकी प्लेटवर लावून उबेच्या पेटीत ठेवली, की जंतू वाढून दिसतात. तिच्या प्लेटवर दर वेळी हिरवट थर यायचा. त्याला पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास.

"बाहेरचा कचरा पडलाय," मामा म्हणायचे. "फेकून दे. नमुना नीट आणा म्हणावं तिला."

"दर वेळी तोच कचरा कसा पडेल, मामा?" मी भांडले.

"मला शिकवू नकोस."

शेवटच्या वेळी ती खिडकीतून सगळं ऐकत होती.

"साहेब, तो कचरा माझ्या छातीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतोय, तरी फेकताय. तुमच्यावर वेळ आली की बघाल."

आठवड्याभरात ती गेली.

आणि मग एका दुपारी…

टक… टक… टक…

खिडकीत कुणीच नव्हतं.

"वारा असेल," मामा म्हणाले. वारा कात्री घेऊन फिरतो होय!

काचेवर बारीक ओरखडे होते… आतल्या बाजूनं.

त्यानंतर मामा खोकू लागले. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, ताप मात्र हटेना.

त्यांचा नमुना मी स्वतः लावला. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली आणि…

तोच गोड वास.

मामांची प्लेट कोरी होती. शेजारची, जिच्यावर मी काहीच लावलं नव्हतं, ती हिरवीगार.

त्या हिरव्या जंतूंवर लॅबमधली सगळी औषधं लावून पाहिली. एकानंही ते मेले नाहीत.

पुन्हा नमुना लावला. पुन्हा तेच. मोठ्या लॅबला पाठवला, तिथेही प्लेट कोरी.

"जंतूच दिसत नाहीत, तर औषध कुठलं देऊ?" डॉक्टर फोनवर म्हणाले. "नमुना नीट आणा."

मामांनी ते ऐकलं. भिंतीकडे तोंड करून ते लहान पोरासारखे रडले. "ती मला सोडायची नाही गं."

मामा माझे आहेत. मला तिचा राग यायला हवा. पण येत नाही हो, नुसती भीती वाटते. ती खोटं काय बोलली होती?

काल त्यांच्या पाठीला कान लावला. श्वास घरघरत होता. आणि त्यामागे, खोल आत…

टक… टक… टक…

"काय ऐकू आलं गं?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.