काठ स्वच्छ हवा

रत्नागिरीच्या छंदी छायाचित्रकार मंडळात एक नियम फार कडक होता. फोटो फळ्यावर लागला की ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी मात्र मनसोक्त सोलून काढायचं. आणि सोलण्यात भास्करकाका सावर्डेकरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "काठावर तुटका हात? आधी काढा तो! काठ कसा घासलेल्या ताटासारखा हवा."

त्या रविवारी सकाळी फळ्यावर लागणार होता तो त्यांचाच फोटो. त्याच दिवशी उजाडता उजाडता जुन्या धक्क्यावर काढलेला. समुद्र, एक होडी, बस्स.

"काकू कुठेयत? आणि आमची घावनं?" डॉक्टर फणसळकरांनी विचारलं. हे नेत्रतज्ज्ञ मंडळात नवे, पण काकूंच्या घावनांना जुने.

"धक्क्यावर होती माझ्याबरोबर. मधेच दिसेनाशी झाली. रुसली असेल, फोनही उचलत नाही," काका हसले.

डॉक्टरांनी आजच नजरगाळणी चढवली होती. बुबुळावर बसणारं हे विचारी भिंग मृदुला खानविलकरनं बनवलेलं. मंडळातले बाकी सगळे ते महिनाभर वापरत होते.

"तारा, फलक, कचरा, सगळं गायब! पण काय पुसायचं हे ही ठरवते कशी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच लोकांनी शिकवलंय," मृदुला म्हणाली. "मंडळातली इतक्या वर्षांची टीका मी हिला पाजली. जे जे 'काढा' म्हणालात, ते ही नजरेतूनच पुसते आणि तिथं आजूबाजूचा रंग भरते. समोर खरं जग असो की कागद."

"आणि माणूस पुसला तर? अहो, गाडी चालवतो मी!"

"अख्खा माणूस कधीच नाही. चेहरा दिसला की ही हात लावत नाही."

फोटो लागला. "वा! काठ बघा, काठ!" सगळे एका सुरात म्हणाले. काका गप्प, पण गालातल्या गालात खूश.

डोळे चुरचुरायला लागले म्हणून मृदुलानं आपल्या गाळण्या काढल्या, डोळे पुसले आणि फळ्याकडे पाहिलं. ती ताडकन उभी राहिली.

"काका, धक्क्यावर काकू कुठे उभ्या होत्या?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम.

"नियम गेला चुलीत! बोला!"

"अगं, माझ्या पुढ्यातच, धक्क्याच्या कडेशी, पाण्याकडे पाठ करून. मी कॅमेऱ्याला डोळा लावलेला, ती फ्रेममध्ये येत होती. म्हटलं, जरा मागे सर. सरली बिचारी."

"गाळण्या काढा, काका." मृदुलाला रडू आवरेना. "चेहरा पाण्याखाली होता हो... वर नुसता हात. आपण शिकवलं तेच केलं गाळणीनं."

काकांनी गाळण्या काढल्या. फोटोच्या उजव्या काठाशी लाटेतून कोपरापर्यंत हात वर आला होता. हिरव्या बांगड्या, ताणलेली बोटं. "इंदू!" करून काका ओरडले आणि तिथंच कोसळले.

डॉक्टर धावले. काका बोटानं फळ्याकडेच दाखवत होते, म्हणून त्यांनी वळून फोटो जवळून निरखला. गडबडीत स्वतःच्या गाळण्या काढायच्या राहून गेल्या होत्या.

"तिथं तर काहीच नाही," ते म्हणाले. "काठ अगदी स्वच्छ आहे."