बाहीचं बटण

हसू नका रे पोरांनो, हा माणूस माझ्या शेजारीच राहतो. आमचा वायरमन. गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची गोष्ट.

त्याची बायको जाऊन तीन वर्षं झालेली. फोटो होते, पण तिचा आवाज काही केल्या आठवेना. त्यानं जंग जंग पछाडलं. जीव नुसता कासावीस. तेवढ्यात कळलं, इस्पितळात स्मरणशक्तीसाठी डोक्याला सौम्य करंट देऊन बघतायत. गडी म्हणाला, "जन्मभर फुकट शॉक खाल्ले, आणखी चार खाऊ!"

महिनाभर संध्याकाळी जायचा. डोक्याला ओल्या पट्ट्या, वायरी, आणि गप्प बसून राहायचं. त्या शनिवारी शेवटची खेप. निघताना बाहीचं बटण तुटलं, ते खिशात टाकून तसाच गेला. डोळे मिटून बसला, आणि अगदी कानाशी ऐकू आलं, "हलू नका हं. टोचेल."

तिचाच आवाज! अंगातला शर्ट काढू न देता ती बटण लावायची आणि दोरा दातानं तोडायची. वायरमन आनंदानं ढसाढसा रडला.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या करंटनं कमाल केली!"

त्या ओशाळल्या. "काका, आज सांगायला हरकत नाही. निम्म्या लोकांना आम्ही नुसत्याच पट्ट्या लावतो, फरक कळावा म्हणून. तुमचं मशीन कधी चालूच नव्हतं."

घरी येऊन तो खाटेवर बसला. दिवा लावला नाही, शर्ट बदलला नाही. मध्यरात्र उलटली. करंट नव्हता. मग तो आवाज...?

गल्लीत चिटपाखरू नाही. खोलीत गारठा.

मनगटाला काहीतरी गार लागलं. बारीक.

"हलू नका हं..."

तो हलला नाही. वळून बघावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. पण हललो, तर जाईल ती...

मनगटावर उबदार श्वास आला.

कट्...

"अगं..." एवढंच बोलला.



हात तसाच पुढे धरून तो उजाडेपर्यंत बसून राहिला. हल्ली रोज रात्री एक बटण तोडून बसतो बिचारा. सकाळी ते तसंच उशाशी असतं. कुणी येत नाही.

पण त्या रविवारी सकाळी त्यानं माझं दार वाजवलं. बाही पुढे केली. ती गेल्यापासून त्याच्या घरात सुईदोरा नाही, हे मला ठाऊक. बटण जागच्या जागी होतं. मी बोट लावून पाहिलं.

दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.