दुपटीच्या काचेतला माणूस

तीन दिवस जो माणूस तोगझानच्या डोळ्यांदेखत चिखलात बुडत होता, तो चौथ्या दिवशी सकाळी दारात उभा राहून चहा मागत होता.

"दूध असेल तर उत्तम... नसलं तरी चालेल. पण तुम्ही अशा का बघताय? भूत बघितल्यासारखं?"

तोगझानच्या हातातला पेला खाली पडला. फुटला नाही, लोळत लोळत त्याच्या बुटांपाशी जाऊन थांबला. त्याने तो उचलला, बाहीला पुसला आणि हसत तिच्यापुढे धरला. तीच निळी टोपी. टोपीवर पांढऱ्या धाग्याने शिवलेला वेडावाकडा पक्षी. डाव्या बाहीवर फाटलेल्या जागी चिकटवलेली तीच नारिंगी पट्टी.

"या," ती कशीबशी म्हणाली. "बसा. दूध आहे."

आता ही भानगड काय ते आधी सांगायला हवं. अक्सोर सरोवराच्या काठी पक्ष्यांची चौकी आहे आणि उन्हाळाभर तोगझानचं काम एकच — फ्लेमिंगोंच्या पायात घातलेल्या कड्यांवरची अक्षरं वाचायची. कोणता पक्षी जगला, कोणता परतला, ते त्यावरून कळतं. पक्षी जवळ येऊ देत नाहीत, म्हणून तिच्याकडे सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स होती आणि लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायचा दुपटीचा टेलिकन्व्हर्टर. बोटभर जाडीची काच, पण सहाशेचे बाराशे करते!

सोमवारी पहाटे त्या काचेतून तिला एक माणूस दिसला. पक्ष्यांच्या अलीकडे, घोट्यापर्यंत चिखलात. तिने डोळा काढून पाहिलं, तर कुणी नाही. दुर्बिणीतून पाहिलं, कुणी नाही. कन्व्हर्टर काढून नुसत्या लेन्सने पाहिलं, तरीही नाही. कन्व्हर्टर पुन्हा चढवला... आणि तो तिथेच होता. मंगळवारी तो कमरेपर्यंत गेला होता. बुधवारी छातीपर्यंत, दोन्ही हात वर करून. तिने फोटो काढले होते, पण फोटोंमध्ये फक्त पक्षी आले.

चौकीचे म्हातारे राखणदार सेइतबेक आजोबा, त्यांना तिने सांगितलं. त्यांनी हातातला कुर्तचा, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचा, खडा तोंडात टाकला.

"अक्सोर पुढचं दाखवतो कधीकधी, पोरी. माझ्या बापाने वसंतात आपली घोडी बघितली होती तिथे, बुडताना. शरदात गेली ती. पण एक लक्षात ठेव. ज्याचं आहे त्याला सांगायचं नाही. सांगितलं की सुटका नाही."

आणि आता तो समोर बसून तळलेल्या पिठाचे बाउरसाक एकामागून एक हाणत होता! नाव येरसाइन, गाव करागांडी, पोटापाण्याला खाणीतली यंत्रं दुरुस्त करायचा. मुक्काम पाच दिवस.

"टोपीवर बदक कुणी शिवलं?" तोगझानने विचारलं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"बदक? ओयबाय! फ्लेमिंगो आहे तो. मी स्वतः शिवलाय."

"मान कुठे गेली त्याची?"

"...धागा संपला."

तिला हसू आलं. लगेच ती पाठ फिरवून चहा ओतू लागली. ज्याचं मरण आपण पाहिलंय त्याच्या बोलण्यावर हसू येतं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवसापासून दोघं लपणात शेजारी शेजारी बसू लागले. सरोवरात शिरलेल्या वाळूच्या जिभेच्या टोकाला वेताची ती झोपडी, आत जमिनीवर लोकरीचा जाड नमदा आणि दोन खिडक्या. येरसाइनने खिशातून एक डबी काढली. कोराकरकरीत टेलिकन्व्हर्टर.

"दुपटीचा घेतला? दीडपटीचा पुरला असता," ती म्हणाली. "याने उजेड चौथा हिस्सा उरतो. ऑटोफोकस मान टाकतो, हाताने फिरवत बसावं लागतं. कॅमेऱ्याचं तिकाटणं हललं की सगळं वाया. आणि नऊ वाजले की हवा उकळायला लागते, मग मोठं दिसतं, पण नीट काही दिसत नाही."

"सासूबाई, अजून काही सूचना?"

"सासू असते तर घरातच घेतलं नसतं."

"बघा हं... नवी काच आहे. पहिली नजर तुमची. पण कोरिमदिक द्यावं लागेल."

नवं वासरू असो, नवी काच असो की बुरख्याआडचं नव्या नवरीचं तोंड, पहिल्यांदा बघणाऱ्याने काहीतरी भेट द्यायची. तिकडची रीतच आहे ती. तोगझानने खिसे चाचपले. कुर्तचा एक खडा निघाला. तो तिने त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटं उगाचच क्षणभर रेंगाळली.

"एवढंच?"

"बदकवाल्याला एवढंच."

तिने डोळा लावला. चिखलात तो होता, छातीपर्यंत, हात वर. आणि शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून तोच बसला होता, कुर्त चघळत, गुणगुणत. तिने तोंडावर हात दाबला.

"काय झालं?"

"काही नाही. डोळ्यात कचरा गेला."

"बघू..." तो वाकला. त्याच्या श्वासाला चहाचा वास होता. "कचरा नाहीये. पाणी आहे."

तिने मान फिरवली. सांगायचं नव्हतं, आणि न सांगता हे कसं सहन करायचं तेही कळत नव्हतं.

तो इथे का आला होता ते संध्याकाळी कळलं. वीस वर्षांपूर्वी त्याचे वडील याच सरोवरावर फ्लेमिंगोंच्या पिल्लांना कडी घालायचे. शेवटच्या उन्हाळ्यात ते आठ वर्षांच्या येरसाइनला सोबत घेऊन आले. शेवटचं कडं त्यांनी त्याच्या हातून घालून घेतलं. पिवळं, टी एकेचाळीस. हिवाळ्यात वडील गेले.

"फ्लेमिंगो चाळीस चाळीस वर्षं जगतात," तो म्हणाला. "तो असेल ना? माझ्या हातात त्याचा पाय थरथरत होता, अजून आठवतं. बस, एकदा वाचायचंय ते कडं. नाहीतर सगळं स्वप्नात झाल्यासारखं वाटतं."

तीन दिवसांनी पिवळं कडं दिसलंच. टी, मग चार... आणि पुढचा आकडा हवेच्या लाटांत वितळला. बाराशेच्या काचेतसुद्धा वाचता येईना.

"उद्या पहाटे थोडं पुढे जातो. ती वाळू बघ ना, थेट पक्ष्यांपर्यंत गेलीय."

"गेलेली नाही! लांबच्या लेन्समध्ये सगळं एकमेकांना चिकटून दिसतं, एवढंही माहीत नाही? मध्ये तीनशे पावलांचा दलदलीचा पट्टा आहे. वर मिठाची पापडी, खाली तळ नाही."

"पापडी टणक आहे, मी काठीने ठोकून बघितली."

"तू जायचं नाही."

"अगं, का पण?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मी सांगते म्हणून."

"हे काही कारण झालं? आज पाचवा दिवस, तोगझान. उद्या दुपारी माझी गाडी आहे."

रात्री तिने त्याचे बूट पळवले आणि पिठाच्या कोठीत खाली दडपून ठेवले. बूट नसले की जाईल कसा? त्या समाधानात ती निर्धास्त झोपली. काय म्हणावं या बुद्धीला! आजोबांचे रबरी बूट दाराबाहेरच उभे होते.

पहाटे त्याचं अंथरूण रिकामं होतं.

ती लपणाकडे धावत सुटली. कॅमेरा कालचाच तिकाटण्यावर, कन्व्हर्टरसकट. तिने डोळा लावला. तो होताच — निळी टोपी, नारिंगी पट्टी, छातीपर्यंत चिखल, हात वर. पण तो तर रोजच असायचा! खिडकीबाहेर पहाटेच्या अंधुक उजेडात नुसत्या डोळ्यांना मीठ आणि पाणी सगळं एकच पांढरं. हा रोजचाच, की आजचा?

तिला एकदम सुचलं. रोजचा तो नुसत्या लेन्समधून कधीच दिसला नव्हता.

तिने लेन्स काढली. खटका दोनदा निसटला. कन्व्हर्टर नमद्यावर पडला. लेन्स थेट कॅमेऱ्यावर बसवली, डोळा लावला आणि देवा, नसू दे, नसू दे, म्हणत पाहिलं.

तो होता. अर्ध्या आकाराचा, पण होता.

तेवढ्यात त्याची हाक आली आणि त्याच्यामागचा सगळा थवा उठला, गुलाबी, काळा, फडफडता, थेट तिच्यावर चालून. भीतीने तिचं बोट आवळलं गेलं आणि कॅमेरा कडकडत राहिला. मग तिने तो खेचून बाजूला फेकला, एका काखेत नमदा मारला, दुसऱ्या हातात तिकाटणं घेतलं आणि पळाली.

पापडी करकरायला लागली तशी ती नमदा पसरून त्यावर पोटावर आडवी झाली आणि सरपटू लागली.

"हलू नकोस! येरसाइन, अजिबात हलू नकोस!"

"कॅमेरा तेवढा..." त्याने दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता. म्हणजे ते वर केलेले हात हाकेचे नव्हते. कॅमेरा वाचवायला होते! "तोगझान, यात तो आहे. मी काढलाय फोटो. आता वाचता येईल आकडा. आधी हा घे!"

तिने तिकाटण्याचे पाय पूर्ण लांब करून पुढे सरकवले. वीतभर अंतर राहिलं.

"दोन्ही हातांनी धर. कॅमेरा टाक."

"बाबांचं कडं आहे यात!"

"तुझे बाबा गेले, मूर्खा! तू जाऊ नकोस! आठवडाभर रोज मरताना बघतेय मी तुला. या काचेतून, रोज! आणि रोज दारात येऊन हसतोस, चहा मागतोस... मला नाही जमणार तुझ्याशिवाय. टाक तो!"

सांगायचं नव्हतं ते सांगून झालं होतं. सरोवर गप्प होतं. चिखल त्याच्या गळ्याकडे चढत होता. येरसाइनने तिच्याकडे पाहिलं आणि हात उघडले. कॅमेरा चिखलावर पडला, थोडा तरंगला, आणि आवाज न करता आत गेला. त्याने तिकाटणं धरलं.

पुढे आरडाओरडा ऐकून आजोबा घोडा आणि दोर घेऊन आले, तोवर तिने त्याला कमरेपर्यंत वर काढलं होतं. रबरी बूट आतच राहिले. आजोबांनी त्याबद्दल त्याला दिवसभर शिव्या घातल्या. सांगितलं तरी सुटका झाली कशी, हे मात्र त्यांना कळेना. "सरोवरालाही कधीतरी लाज वाटते," एवढं बोलून ते घोडा चोळायला निघून गेले.

दुपारी येरसाइन चुलीजवळ गोधडीत बसला होता. गाडी गेली होती, आणि त्याने तिची चौकशीही केली नव्हती. तोगझान लॅपटॉप घेऊन आली आणि एकदम थबकली.

"काय?"

तिने डोक्याचा रुमाल काढून पडद्यावर टाकला.

"कोरिमदिक."

"माझ्याकडे आहे काय आता? ही टोपी तेवढी उरलीय."

"ती चालेल."

तिने टोपी डोक्यावर घातली आणि रुमाल ओढला. पडदाभर पंख. थवा डोक्यावरून गेला तेव्हा आपोआप निघालेला फोटो. नुसती लेन्स असल्याने ऑटोफोकसने सर्वांत जवळचा पक्षी बरोबर पकडला होता. दुपटीचा कन्व्हर्टर असता तर तो चौकटीत मावलाच नसता. लांब पाय मागे ताणलेले आणि एका पायात पिवळं कडं. टी एकेचाळीस.

येरसाइनने पडद्यावरच्या त्या पायावर बोट ठेवलं. मग ते हळूच कड्याभोवती फिरवलं, जणू पुन्हा एकदा ते घालत होता.

दुसऱ्या पहाटे दोघं पुन्हा लपणात. तोगझानने कन्व्हर्टर चढवला, त्याच जागेवर रोखला आणि डोळा लावला.

चिखल रिकामा होता. तिने लेन्स हळूच काठाकडे, कोरड्या वाळूकडे वळवली, आणि तिचे गाल तापले. वाळूवर दोघं म्हातारे बसले होते. म्हातारीच्या डोक्याला लग्न झालेल्या बायकांचं पांढरं शिरोवस्त्र. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी, कधीकाळी निळी असावी. मध्ये चहाचा थर्मास. म्हातारीने मान वळवली आणि थेट तोगझानच्या डोळ्यांत पाहून हसली.

"काय दिसतंय?" येरसाइन कुजबुजला. "मला बघू दे ना."

त्याने डोळा लावला. "काहीच तर नाही. नुसते पक्षी आहेत."

"तुला नाही दिसणार."

"तू काय बघितलंस? सांग की!"

तोगझानने टोपी डोळ्यांवर ओढली.

"कोरिमदिक दे आधी," ती म्हणाली. "आणि या वेळी टोपीवर भागणार नाही."