अळणी भिंत

या, जवळ सरकून बसा. दीडशहाण्याच्या जिभेला देव कसा लगाम घालतो, त्याची गोष्ट सांगतो.

एल्मिनाच्या किनाऱ्यावर, लाटेचे तुषार दारात येतील इतक्या जवळ, आबा इसिलफी नावाच्या बाईचं घर. मासे धुरावर सुकवून विकायची. एका सकाळी भिंत कोसळली आणि तिची एकुलती एक लेक एकुवा खाली सापडली. हाती आली ती गेलेलीच.

आबाने भिंत बांधणाऱ्या ठेकेदार सॅकीवर निष्काळजीपणाचा दावा लावला. सॅकीने दूर आतल्या मुलखातून, कुमासीहून, तज्ज्ञ आणला. डॉक्टर अंपोन्सा. कोटाला कडक इस्त्री, आत सगळा गंज. त्याचं मत असं: भिंतीचा तुकडा तपासला; वाळू नदीची, मिठाचा अंश शून्य, काम उत्तम. आईनेच मासे धुरवायच्या भट्टीसाठी पायाशी खड्डा खणला, म्हणून भिंत पडली.

"वकीलबाई, दावा हरले तर हरले," आबा म्हणाली. "पण पोरीला मी मारलं, असं कोर्टाने म्हणू नये."

आबाची वकील अराबा क्वान्सा तिच्याबरोबर ढिगाऱ्यापाशी गेली. सिमेंटच्या विटांत शिंपल्यांचा चुरा चमकत होता. शेळ्या त्या विटा चाटत होत्या.

"हाकल गं त्यांना!" अराबा आबाला म्हणाली.

"किती हाकलू? शेजारच्या धडधाकट भिंतीही चाटतात मेल्या."

अराबाने चष्मा पुसला. खाऱ्या वाऱ्याने तो पुन्हा धुरकटला. ती थबकली, आणि एकदम हसली.

कोर्टात तिने आधीच हरकत घेतली. हे मत पुराव्यात घ्यायचं की नाही, ते ठरण्याआधी तिला चार प्रश्न विचारायचे होते. परवानगी मिळाली.

"डॉक्टरसाहेब, तुकडा कापला कोणी?"

"मी. या हातांनी."

"कधी?"

"मंगळवारी सकाळी."

"किनाऱ्यावर गर्दी असेल?"

"विचारू नका! होड्या येत होत्या, बायका माशांवर तुटून पडत होत्या. अडाणी लोक, मला उभं राहायला जागा देईनात."

मागच्या बाकांवर कोळिणी खदखदून हसल्या.

"अगं बाई, ह्याला मासे भुतांनी विकले वाटतं!"

"शांतता!" न्यायमूर्ती म्हणाले, पण तेही याच किनाऱ्याचे, ओठ चावत होते.

"मायलॉर्ड," अराबा म्हणाली, "मंगळवार समुद्राच्या विसाव्याचा. त्या दिवशी आमची एकही होडी पाण्यात जात नाही. म्हणजे डॉक्टर इथे आलेच नाहीत. आणि त्यांचा तुकडा? इथली चोख भिंतसुद्धा वाऱ्यातून मीठ पिते. शेळ्या उगाच चाटत नाहीत. मिठाचा कणही नसलेली भिंत एल्मिनाची असूच शकत नाही. खऱ्या भिंतीत समुद्राची वाळू आहे, शिंपल्यांसकट. त्या मिठाने आतल्या सळ्या कुजल्या. ते लपवायला तुकडा बदलला. कोणी दिला, डॉक्टर?"

डॉक्टरने सॅकीकडे बोट दाखवलं. "सॅकीसाहेबांनी पाठवला. त्यांनी कुमासीत बांधलेल्या हॉटेलच्या भिंतीचा असेल. मला काय ठाऊक?"

सॅकी ताडकन उठला. "गाढवा! तुला होड्यांची गोष्ट रचायला कोणी सांगितलं होतं?"

झालं! चोराने स्वतःच्याच तोंडाने कबुली दिली.

"ज्या भिंतीला हात लावला नाही, तिच्याबद्दल तज्ज्ञाचं मत कसलं?" न्यायमूर्ती म्हणाले. "हे पुराव्यात घेता येणार नाही. खड्ड्याच्या आरोपाला दुसरा आधार नाही. या आईवर कसलाही दोष नाही."

आबा रडली नाही. पदराने तोंड पुसून एवढंच म्हणाली, "ऐकलंस ना, एकुवा?"

बाबांनो, आज रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोरीचं नाव घ्या.