डाव्या बाजूची मुलगी

"अहो, हात लावू नका!"

स्वप्नाली ओरडली ती चक्क मराठीत. कॅनडातल्या किचनरमध्ये येऊन तिला तीन वर्षं झाली होती, दिवसभर तोंडात इंग्रजीच असायचं, पण घाबरलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. टेबलावर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे फोटो पापड वाळत घातल्यासारखे मांडलेले, आणि त्यांच्यावर ओला हात धरून हा उंच, सप्टेंबरच्या पावसात निथळणारा माणूस उभा!

त्यानं हात मागे घेतला. मग हळूच हसला.

"लावला नाही ना बाप्पा... नुसतं बोट करून दाखवत होतो."

"कुणाला?"

"मलाच." तो लाजला. मराठी ऐकून त्याचे डोळे मात्र लकाकले होते. "खरं म्हणजे मी वॉशरूम शोधत होतो."

"वॉशरूम वर आहे. हा बेसमेंट आहे, आणि इथे विद्यापीठाचे जुने फोटो ठेवतात. टॉवेल नाही ठेवत."

तो गेला. पाच मिनिटांत परत दारात हजर.

"आता काय विसरलात?"

"छत्री."

"तुम्ही छत्री आणलीच नव्हती."

"तेच तर... आणायला विसरलो."

स्वप्नालीनं मान खाली घातली, कारण हसू दाबलं जात नव्हतं. इथेच तिचं चुकलं, असं पुढे तिला बरेचदा वाटलं. पण हसू काय कुणाला विचारून येतं?

त्याचं नाव राजस. मूळ नागपूरचा. याच तांत्रिक विद्यापीठात शिकला आणि इथेच जवळ एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटला. विद्यापीठाचा मोठा वर्धापनदिन नोव्हेंबरात होता, त्यासाठी जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं होतं, आणि फोटो स्कॅन करायला, त्यातली माणसं ओळखायला स्वप्नालीला कंत्राटावर घेतलेलं होतं. राजस दर शनिवारी मदतीला येऊ लागला. मदत कसली! पहिल्याच दिवशी त्यानं फोटोच्या मागे नाव लिहायला खिशातलं बॉलपेन काढलं, तेव्हा तिनं त्याच्या हातावर फटका मारला. मागे लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीनं, तेही हलक्या हातानं.

"एवढ्या हळू?" त्यानं विचारलं.

"एवढ्या हळू. दाबलं की पुढच्या बाजूला वळ उठतो."

"बरं आहे. मला हळूच जमतं सगळं..." असं म्हणून तो तिच्याकडे बघायचा, आणि मग दोघंही उगाचच फोटोंकडे बघायचे.

फोटो मात्र बघण्यासारखेच होते. चिखलात उभी राहिलेली अर्धवट इंजिनिअरिंग बिल्डिंग, तिच्यासमोर टाय लावून, गमबूट घालून उभे असलेले प्राध्यापक. खोलीएवढा मोठा कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे भटजी होमापुढे बसावेत तसे बसलेले चार विद्यार्थी. बर्फात रुतलेली गाडी ढकलणारी मुलं. आणि मधूनच एखादा सावळा, सडपातळ चेहरा, उसन्या ओव्हरकोटात बुडालेला.

ते चेहरे ओळखायला प्रभाताई यायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, याच विद्यापीठाच्या पहिल्या काही भारतीय विद्यार्थिनींपैकी एक, पुढे इथेच शिकवून निवृत्त झालेल्या. एकदा त्यांनी एक फोटो उचलला. इंजिनिअरिंग बिल्डिंगच्या पायरीवर एक देखणा मुलगा, आणि फोटोची डावी कड कात्रीनं कापलेली. कडेला कुणाच्या तरी कोटाची बाही तेवढी उरली होती.

"ही बाही माझी," प्रभाताई म्हणाल्या आणि खो-खो हसल्या. "अगं, त्या काळी या पोरांकडे एकच चांगला फोटो असायचा. तोच इंडियाला पाठवायचा, स्थळं बघायला. शेजारी क्लासमधली मुलगी उभी असेल तर आई-वडील काय म्हणतील? मग चालव कात्री. हा फोटो पुण्याला गेला आणि बायको घेऊन परत आला. त्याच्या मुलीनंच दिलाय तुम्हाला."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" स्वप्नालीनं विचारलं.

"वाटलं ना. वर्षभर वाटलं. त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं." प्रभाताईंनी फोटो खाली ठेवला. "मग मला माझे हे भेटले. यांना फोटो काढायची हौसच नव्हती, सुटले!"

राजस हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता.

प्रदर्शनात 'तेव्हा आणि आता' अशा जोड्या लावायच्या होत्या. ऑक्टोबरच्या एका दुपारी स्वप्नालीनं त्याला त्याच पायरीवर उभं केलं. मेपलची पानं लाल झाली होती, वाऱ्यानं त्याचे केस उडत होते.

"डावीकडे जागा रिकामी ठेवली तर फोटो अर्धा वाटेल ना गं?" तो म्हणाला. "मूळ फोटोत तिथे कुणीतरी होतं."

"मग कुणाला बोलवू?"

"बघ... मोहरी रंगाचा कोट असलेली एखादी मुलगी मिळते का."

कोट तिच्याच अंगात होता. तिनं कॅमेऱ्याला टायमर लावला आणि पायऱ्या चढत धावत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, धापा टाकत. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. कॅमेरा वाजला तरी कुणीच हात काढला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती पुरती बुडाली, आणि तिला पोहायचंही नव्हतं.

नोव्हेंबरात दूरच्या विनिपेग शहरातून ऑफर आली. तिथल्या एका संग्रहालयात कायमची नोकरी. किचनरचं कंत्राट प्रदर्शनाबरोबर संपणार होतं, पुढचं काहीच नक्की नव्हतं. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"काँग्रॅट्स!" राजस म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "लगेच अ‍ॅक्सेप्ट नको करू. वीकेंडपर्यंत थांब."

"का थांबू?"

"थांब ना... सांगतो." आणि तो असं गूढ हसला, की स्वप्नालीला रात्रभर झोप लागली नाही. तो विचारणार! त्यानं नुसतं 'राहा' म्हटलं असतं तरी तिनं विनिपेगवर पाणी सोडलं असतं. नोकऱ्या काय, पुन्हा मिळतात.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला तो मात्र उमामावशीचा. मावशी टोरांटोच्या स्कारबरो भागात राहायची. तिथल्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी लग्नं आपण जमवली, असा तिचा दावा होता.

"स्वप्ने, एक फर्स्टक्लास स्थळ आलंय. मुलगा तुझ्या किचनरलाच असतो. त्याच्या आईनं नागपूरहून स्वतः बायोडेटा पाठवलाय. फोटो फॉरवर्ड करते, बघ आणि लगेच सांग. असे मुलगे राहत नाहीत गं, ग्रोसरीच्या सेलसारखे जातात."

स्वप्नालीनं फोटो उघडला. तीच पायरी. तीच लाल पानं. राजस उभा, केस उडालेले. डावी बाजू सफाईनं कापलेली, आणि कडेला मोहरी रंगाच्या बाहीचा एक इवलासा तुकडा.

ज्या क्षणाला ती महिनाभर जिवाशी धरून बसली होती, तो यानं कापून बाजारात मांडला होता. म्हणजे आपण कुणीच नव्हतो, आपण याची फोटोग्राफर होतो, तीही फुकटची.

"मावशी, नाही म्हणून सांग."

"अगं, पत्रिका तरी..."

"मुलीला मुलगा पसंत नाही. अगदी अस्संच सांग. आत्ताच्या आत्ता."

मावशीनं सांगितलं. अशी कामं मावशी लांबणीवर टाकत नसे.

शनिवारी सकाळी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ती एकटीच होती, फ्रेम सरळ करत. बाहेर पहिला बर्फ पडत होता. राजस आला तो टोपीही न काढता.

"तू नाही म्हणालीस?"

"आणि काय म्हणायला हवं होतं? फोटो छान आलाय म्हणायचं?"

"स्वप्नाली, अगं तो बायोडेटा तुझ्यासाठीच होता!"

तिनं नुकतीच सरळ केलेली फ्रेम पुन्हा तिरकी झाली.

"मी मुद्दाम आईला सांगितलं, स्कारबरोच्या उमाताईंकडे पाठव म्हणून. तूच तिच्याबद्दल सांगितलं होतंस ना, तेव्हा तुझी मावशी तुलाच पहिली विचारणार, हे मला ठाऊक होतं. दादानं स्वतःची मुलगी स्वतः शोधली, तर आई त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. म्हटलं, आपलं रीतसर मावशीकडून आलं की आईला वाटेल, तिनंच ठरवलं. तू हो म्हणशील, मग मी तुला सांगेन, सरप्राइज..."

"आणि मला कापलंस?"

"फोटोत मुलगी कशी ठेवणार? प्रभाताईंनीच नाही का सांगितलं, पूर्वी असंच करायचे."

त्या बाईंच्या गोष्टीतून यानं हे उचललं होतं! स्वप्नालीला हसावं की रडावं कळेना. तरी मनातली गाठ सैल झाली, हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही. त्याला ती हवी होती. वेड्यासारखी का होईना, हवी होती.

"आता काय म्हणते तुझी आई?"

"ती फार दुखावलीय. म्हणते, ज्या घरातून नकार आला तिथे पुन्हा नाव काढायचं नाही."

"मग लाव फोन," ती म्हणाली. "सांग, ही मुलगी मीच शोधलीय. तिनं रागात नाही म्हटलं. एवढंच सांग, पुढचं मी बघते. पाया पडायचं तर पाया पडते."

"आत्ता? तिकडे रात्र असेल गं..."

"इथे दहा वाजलेत. नागपुरात साडेआठ. जेवणंही झाली नसतील."

राजसनं फोन काढला. स्क्रीनवर बघत उभा राहिला. अंगठा वर-खाली झाला.

"असं फोनवर नाही जमत. डिसेंबरमध्ये जातोच आहे, समोर बसून समजावतो. तोवर तू विनिपेगला नाही म्हण... म्हणजे, थांबून बघ ना."

"कशाच्या भरवशावर?"

"माझ्या."

स्वप्नाली त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "मला तू आवडतोस, राजस. फार आवडतोस. त्या पायरीवर विचारलं असतंस ना, तर मी जगासमोर हो म्हटलं असतं. आत्ताही म्हणेन. तू फक्त..."

तेवढ्यात त्याच्या हातातला फोनच वाजला. 'आई.'

स्वप्नालीनं मनात सगळ्या देवांची नावं घेतली. बोल रे, एवढं एकदा बोल.

राजसनं फोन कानाला लावला आणि खिडकीकडे वळला.

"हां आई... झाला ना नाश्ता. युनिव्हर्सिटीत आलोय, ते प्रदर्शन आहे ना... नाही गं, सोबत कोण असणार? एकटाच आहे."

स्वप्नालीनं डोळे पुसले. टेबलावरचा लॅपटॉप ओढला आणि विनिपेगला उत्तर लिहिलं, आपण रुजू होत आहोत म्हणून. दोन ओळींत काम झालं. तो खिडकीशी अजून बोलतच होता.